कन्सोलला ग्राफिक्स कार्ड का लावता येत नाही?

पीसीचं एक बरं असतं. गेम अडखळायला लागला की लॅमिंग्टन रोडला जायचं, रॅमची एक पट्टी वाढवायची, खिशाला झेपत असेल तर ग्राफिक्स कार्ड बदलायचं, आणि तोच पीसी आणखी दोन-तीन वर्षं ओढायचा. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवाल्यांना ही सोय नाही. २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आपल्याकडे आलेला पीएस५ ज्यांनी तेव्हा घेतला, त्यांच्याकडे आजही तेवढीच १६ जीबी मेमरी आणि तेवढ्याच ताकदीचं ग्राफिक्स आहे.

याचं तयार उत्तर सगळ्यांना पाठ असतं: कंपन्यांना नवा डबा खपवायचा असतो, म्हणून जुना मुद्दाम बंद ठेवतात. थोडं तथ्य आहे त्यात. पण मग एक गोष्ट जुळत नाही. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनीच वरून जोडायची यंत्रं, म्हणजे अ‍ॅड-ऑन, गेली चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा बाजारात आणली आहेत, त्यांच्या जाहिरातींवर अमाप पैसा ओतला आहे आणि बहुतेक वेळा हात पोळून घेतले आहेत. जी मोजकी अ‍ॅड-ऑन चालली, ती नेमकी का चालली हे पाहिलं की बाकीची का पडली ते आपोआप कळतं.

आधी कन्सोल म्हणजे काय ते पाहू. आतल्या चिप्स पीसीसारख्याच असतात, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्समध्ये तर आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एएमडी या चिप कंपनीच्याच घराण्यातले. फरक आहे तो खात्रीचा. पीएस५साठी गेम लिहिणाऱ्याला माहीत असतं, की हा गेम जिथे कुठे चालेल तिथे मेमरी एवढीच असेल, तिचा वेग एवढाच असेल, डिस्कवरून माहिती याच गतीने येईल. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्या १६.७ मिलिसेकंदांत काय काय बसतं हे तो मोजून, घासून-पुसून ठरवू शकतो, कारण समोरचं यंत्र बदलणार नसतं. पीसीवर हे शक्य नाही. तिथे गेममध्ये सेटिंग्जचं लांबलचक पान असतं, सावल्या कमी करा, पोत हलका करा, आणि ते जुळवायचं काम खेळणाऱ्यावर टाकलेलं असतं. त्याच किमतीच्या पीसीपेक्षा कन्सोल बऱ्याचदा जास्त काम काढून देतो, ते या खात्रीच्या जोरावर.

ताकद वाढवणारं अ‍ॅड-ऑन याच खात्रीला हात घालतं. ते बाजारात आलं की एका कन्सोलचे दोन कन्सोल होतात, एक अ‍ॅड-ऑन असलेला आणि एक नसलेला. गेम बनवणारी कंपनी दुसरा गट सोडून देऊ शकत नाही, कारण तो नेहमीच मोठा असतो. सेगा या जपानी कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलचं उदाहरण घ्या. जगभरात तो तीन कोटींच्या वर खपला. त्याला जोडायचं सीडीचं यंत्र, मेगा-सीडी, खपलं साधारण साडेबावीस लाख. म्हणजे मूळ कन्सोलवाल्यांपैकी तेरा-चौदा जणांत एक. तुम्ही गेम कंपनी चालवत असाल तर कोणासाठी गेम लिहाल? आणि गेम नाहीत म्हटल्यावर उरलेले बाराजण ते यंत्र कशाला घेतील? हा फेरा एकदा सुरू झाला की तोडणं कठीण असतं.

हा फेरा सगळ्यात वाईट रीतीने कुणाच्या गळ्यात पडला असेल तर तो सेगाच्याच.

मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये जपानमध्ये आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत जेनेसिस या नावाने. मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, पडद्यावर एका वेळी ६४ रंग. तेव्हा हे भारी होतं. १९९३ च्या अखेरीस थ्रीडीओ आणि अटारी जॅग्वार हे नवे कन्सोल अमेरिकेत आले आणि सेगाला धाकधूक व्हायला लागली. पुढचा कन्सोल, सॅटर्न, तयार होत होता, पण अमेरिकेत तो पोचायला वेळ होता. तोवर लोकांच्या घरातल्या मेगा ड्राइव्हलाच नवी ताकद देऊ, असं ठरलं आणि ३२एक्स जन्माला आला. हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर, प्रत्येकी २३ मेगाहर्ट्झचा, आणि ६४ च्या जागी ३२,७६८ रंग. किंमत १६० डॉलरच्या आसपास. कागदावर कुणालाही मोह पडावा असा सौदा.

आता हे यंत्र जोडायचं कसं ते बघा. मशरूमसारखा दिसणारा हा काळा ठोकळा मेगा ड्राइव्हच्या कॅसेटच्या खाचेत बसतो. बसवण्याआधी खाचेत धातूच्या पट्ट्या लावायच्या, रेडिओ लहरींचा अडथळा होऊ नये म्हणून. या पट्ट्यांशी बहुतेकांनी झटापट करून त्या खोक्यातच ठेवून दिल्या. मग मेगा ड्राइव्हच्या मागून टीव्हीकडे जाणारी वायर काढायची, तिथे एक छोटी वायर लावून ती ३२एक्सच्या पाठीत खुपसायची आणि टीव्हीची वायर ३२एक्समधून घ्यायची. मेगा ड्राइव्हचं जुनं मॉडेल असेल तर वायरचा आणखी एक तुकडा, नवं असेल तर खाली बसवायचं वेगळं प्लास्टिक. शिवाय स्वतंत्र अडॅप्टर. मेगा-सीडी आधीच असेल तर तिचा तिसरा. एक व्हिडिओ गेम खेळायला भिंतीवर तीन जाडजूड अडॅप्टर.

ती छोटी वायर का लागते, यात या सगळ्या प्रकाराची मेख आहे. कॅसेटच्या खाचेतून गेमचा मजकूर कन्सोलला वाचता येतो, पण कन्सोलने बनवलेलं चित्र त्या खाचेतून बाहेर मिळत नाही. १९८८ मध्ये खाचेच्या पिना ठरल्या, तेव्हा सहा वर्षांनी कुणाला तिथून चित्र लागेल असा विचार कोण करणार? त्यामुळे ३२एक्सला मेगा ड्राइव्हचं पूर्ण तयार झालेलं चित्र मागच्या दाराने, टीव्हीच्या वायरीतून, घ्यावं लागलं. मेगा ड्राइव्ह आपल्या ६४ रंगांत एक थर काढतो, ३२एक्स आपल्या रंगांत दुसरा, आणि दोन्ही थर एकावर एक टाकून टीव्हीला पाठवले जातात. शब्दशः ठिगळ.

एवढं करूनही ते चाललं असतं, जर गेम आले असते. २१ नोव्हेंबर १९९४ रोजी ३२एक्स अमेरिकेत विक्रीला आला. दुसऱ्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला, जपानमध्ये खुद्द सॅटर्न आला. त्यातही दोन एसएच-२ प्रोसेसर होते, जरा जास्त वेगाचे. पण ३२एक्सचा गेम सॅटर्नवर चालत नव्हता आणि सॅटर्नचा ३२एक्सवर. गेम कंपन्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि ३२एक्सकडे पाठ फिरवली. त्यासाठी एकूण चाळीसेक गेम निघाले, आणि मेगा-सीडी व ३२एक्स दोन्ही असतील तरच चालतील असे जेमतेम अर्धा डझन. शेवटी दुकानदारांनी उरलेला माल वीस डॉलरच्या आसपास काढून टाकला. मेगा ड्राइव्ह आणि ३२एक्स एकाच डब्यात घालून 'नेपच्यून' नावाने काढायचा बेत होता, तो दुकानापर्यंत पोचलाच नाही. पैसे गेले ते गेलेच, पण ज्यांनी १६० डॉलर मोजून ठोकळा घेतला होता ते सॅटर्नच्या ३९९ डॉलरसाठी पुन्हा पाकीट उघडायला तयार नव्हते. माझ्या मते सेगाचं खरं नुकसान हे झालं. एकदा हात पोळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

ताकद कॅसेटमध्ये घाला

त्याच काळात निन्टेंडोने याच अडचणीवर दुसरा तोडगा काढला होता. तो खरं तर जुनाच होता, आणि तुम्ही नव्वदच्या दशकात लहान असाल तर नकळत वापरलाही असेल.

आपल्याकडे तेव्हा घरोघरी टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला होते. या यंत्राला साध्या कॅसेटमधून एका वेळी ४० केबी एवढाच मजकूर दिसतो, ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स बरोबर या ४० केबीत बसवलेला आहे. जागा पुरेना म्हणून निन्टेंडोने १९८६ मध्ये जपानमध्ये डिस्क सिस्टीम हे अ‍ॅड-ऑन आणलं. एका डिस्कवर दोन्ही बाजू मिळून ११२ केबी, आवाजाची एक जादा पट्टी, खेळ जिथे सोडला तिथून पुढे सुरू करायची सोय, आणि दुकानातल्या यंत्रावर ५०० येन देऊन त्याच डिस्कवर नवा गेम भरून घ्यायचा. कल्पना झकास होती. झेल्डा या मालिकेचा पहिला गेम याच डिस्कवर आला.

पण कॅसेटवाले गप्प बसले नाहीत. त्यांनी कॅसेटच्याच आत एक छोटी चिप बसवायला सुरुवात केली. कन्सोलला एका वेळी ४० केबीच दिसतात ना, मग ही चिप गरजेप्रमाणे त्याच्यासमोरची पानं बदलत राहते. पुढच्या चिप्सना तर पडद्यावर कितवी ओळ रंगवली जातेय हेही मोजता यायला लागलं, त्यामुळे खाली गुणफलक स्थिर आणि वर धावणारं जग असं दाखवता आलं. १९८८ चा सुपर मारिओ ब्रदर्स ३ असाच आहे: ३८४ केबी, आणि यंत्र तेच १९८३ चं. खेळ जपून ठेवायला कॅसेटमध्ये छोटी बॅटरी आली. डिस्क सिस्टीमचं दोन वर्षांत काही वेगळेपण उरलं नाही, आणि जपानबाहेर ती कधी अधिकृतपणे विकलीही गेली नाही. झेल्डा अमेरिकेत गेला तो बॅटरीच्या कॅसेटमधून.

हिशेब बघा कसा बदलतो. चिपचा खर्च गेमच्या किमतीत गेला. ज्याला गेम हवा तो चिपसकटच घेणार, त्यामुळे गेम एक आणि त्याला लागणारं यंत्र दुसऱ्याच्या घरी, असं होतच नाही. पुढच्या कन्सोलमध्ये, म्हणजे सुपर फॅमिकॉममध्ये, निन्टेंडोने कॅसेटच्या खाचेला दोन्ही बाजूंना जादा पिनाच ठेवल्या, पुढेमागे कुणी आत प्रोसेसर घालेल म्हणून. १९९३ मध्ये स्टार फॉक्स हा गेम आला, तो आर्गोनॉट या इंग्लिश कंपनीने बनवलेली सुपर एफएक्स चिप घेऊन. कन्सोलचा स्वतःचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झचा, आणि कॅसेटमधली चिप १०.७ ची. पाहुणा यजमानापेक्षा वरचढ. त्या चिपने त्रिकोण जोडून खरीखुरी त्रिमिती विमानं उडवली, जे त्या कन्सोलला एकट्याने कधीच जमलं नसतं.

तरीही स्टार फॉक्स नीट पाहिलात तर दोन गोष्टी खटकतात. चित्राभोवती काळी चौकट आहे, आणि हालचाल जरा धक्के खात होते. चिप चित्र काढायची कॅसेटमधल्या मेमरीत. तिथून ते कन्सोलच्या चित्रमेमरीत नकलून घ्यावं लागायचं, आणि ही नक्कल टीव्ही पडदा रंगवत नसतो तेवढ्या फटीतच करता यायची. अख्ख्या पडद्याचं चित्र त्या फटीत मावत नव्हतं. म्हणून चित्र लहान केलं, कडेला काळं ठेवलं, आणि एक चित्र दोन-तीन फेऱ्यांत हलवलं. चिप कितीही वेगवान असो, तिच्यात आणि पडद्यात जी वाट आहे ती अरुंद असेल तर बाकी सगळं तिथेच तुंबतं.

ही अडचण तेव्हाही होती, आजही आहे. किंबहुना आज ती आणखी मोठी आहे.

आजचा अडथळा: मेमरीची वाट

पीएस५ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आहेत आणि दोघांना मिळून एकच १६ जीबी मेमरी आहे. ती चिपच्या अगदी काखेत सोल्डर केलेली असते आणि सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. आता समजा सोनीने मागे एक खाच दिली आणि आपण तिथे ग्राफिक्सचा डबा जोडला. पीएस५ मध्ये एसएसडीसाठी, म्हणजे गेम साठवायच्या वेगवान डिस्कसाठी, जी खाच आहे, तशीच धरू. तिचा वेग सेकंदाला साधारण ८ जीबी. एका चित्राच्या १६.७ मिलिसेकंदांत आतल्या वाटेने साडेसात जीबीच्या आसपास माहिती फिरू शकते. बाहेरच्या वाटेने १३० एमबी. कढई गॅसवर चढलेली आणि फोडणीचा डबा शेजारच्या बिल्डिंगमध्ये, अशातला हा प्रकार.

मग लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड कसं लागतं? लागतं, पण त्या कार्डाची स्वतःची मेमरी असते, स्वतःचा वीजपुरवठा, पंखे आणि पेटी असते, आणि तरीही तेच कार्ड पीसीच्या आत बसवल्यावर मिळतो तेवढा वेग मिळत नाही. कन्सोलचे गेम लिहिले जातात ते एकाच सामाईक मेमरीच्या भरवशावर, प्रोसेसरने तिथे काही ठेवलं की ग्राफिक्सने ते लगेच उचलायचं. बाहेरच्या डब्यात वेगळी मेमरी आली की गेमची आतली मांडणीच बदलावी लागणार, आणि तीही डबा घेतलेल्या थोड्या लोकांसाठी. किमतीचं तर बोलायलाच नको. कन्सोल कंपन्या डब्यावर फार नफा ठेवत नाहीत, कधी तोटाही सोसतात, आणि गेमच्या विक्रीतून भरून काढतात. अ‍ॅड-ऑनला गेमच कमी, तर भरून कशातून काढणार? त्यामुळे ते पूर्ण किमतीला विकावं लागतं, आणि ग्राफिक्स, मेमरी, वीजपुरवठा, पंखा सगळं मिळून ती किंमत दुसऱ्या कन्सोलच्या जवळ जाते.

हातात धरूनही खेळता येणाऱ्या निन्टेंडो स्विचचा डॉक, म्हणजे त्याला टीव्हीशी जोडणारी बैठक, अशा प्रसंगी हटकून पुढे केला जातो. टीव्हीला लावला की चित्र सुधारतं, म्हणजे डॉकमध्ये ग्राफिक्स असणार. नसतं. डॉकमध्ये वीज, एचडीएमआय आणि यूएसबी एवढंच. वीज भिंतीतून मिळायला लागली की बॅटरी जपायची गरज उरत नाही, म्हणून स्विचची आतली ग्राफिक्स चिप आपला वेग वाढवते, हातात असताना ३०७ किंवा ३८४ मेगाहर्ट्झ आणि डॉकवर ७६८. गंमत म्हणजे बाहेरून ताकद देणाऱ्या पूरक डब्याचं पेटंट निन्टेंडोने मागितलं होतं, २०१५ मध्ये ते प्रसिद्धही झालं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नेटवरून आपली उरलेली ताकद उसनी द्यायची कल्पनाही त्यात होती. तसा डबा काही आला नाही.

मेमरी मात्र एकदा जमली होती, आणि ती कशी जमली हे पाहण्यासारखं आहे. १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये ४ एमबी मेमरी होती. वर, पुढच्या बाजूला, एक छोटं झाकण होतं. त्याखाली मेमरीची मोकळी खाच, आणि तिच्यात एक बिनकामाचा वाटणारा तुकडा, जंपर पॅक. त्यात मेमरी नसते, पण तो काढला तर कन्सोल चालूच होत नाही, कारण ही रॅमबस मेमरी ज्या तारांवर चालते त्यांचं टोक कुठेतरी नीट बंद झालेलं असावं लागतं. १९९८ मध्ये त्याच्या जागी बसवायचा एक्स्पान्शन पॅक आला, लाल टोपीचा, आणखी ४ एमबी. ही नवी मेमरी जुन्या मेमरीच्याच वाटेवर, त्याच वेगाने चालत होती. वेगळा अडॅप्टर नाही, वायर नाही, झाकण उघडून बसवायचं. आणि निन्टेंडोने शहाणपणा असा केला, की १९९९ च्या डाँकी काँग ६४ बरोबर पॅक खोक्यातच दिला. ज्याला गेम हवा त्याच्या घरी मेमरी आपोआप गेली. पुढच्या वर्षीचा झेल्डा, मेजोराज मास्क, तिच्याशिवाय चालतच नव्हता, आणि त्यावर फारशी ओरड झाली नाही.

त्याच कन्सोलच्या पोटाखाली आणखी एक खाच होती, ६४डीडी या डिस्क यंत्रासाठी. ते येता येता डिसेंबर १९९९ उजाडला, फक्त जपानमध्ये आलं आणि सव्वा वर्षात गुंडाळलं गेलं. अशा अनाथ खाचा कन्सोलच्या इतिहासात बऱ्याच आहेत. निन्टेंडोच्या एनईएसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी अवताराच्या, तळाला प्लास्टिकच्या पडदीमागे एक खाच होती, तिच्यासाठी अधिकृतपणे कधीच काही निघालं नाही. प्लेस्टेशन २ च्या मागे हार्ड डिस्कचा अख्खा कप्पा होता, तो २००४ च्या बारीक मॉडेलमध्ये काढून टाकला. प्रत्येक खाचेचा खर्च प्रत्येक डब्यात भरावा लागतो, वापरणारे मात्र मूठभर.

अपवाद म्हणून जपानमधला पीसी इंजिन सांगायला हवा. एनईसी आणि हडसनच्या या कन्सोलला १९८८ च्या डिसेंबरात सीडीचं अ‍ॅड-ऑन आलं, मूळ कन्सोलच्या दुपटीहून महाग, आणि तरी ते चाललं. कारण जागेतली तफावतच तेवढी होती. कार्डावरचा गेम एक एमबीच्याही आतला आणि सीडीवर पाचशेहून जास्त. अख्खं गाणं, बोलणारी पात्रं, चित्रफिती. ताकद थोडी वाढवून कुणी पाकीट उघडत नाही, आधी मिळतच नव्हतं ते मिळालं तर उघडतं. तरी तिथेही १९९१ मध्ये मेमरीचं नवं कार्ड, १९९४ मध्ये आणखी एक, आणि कोणत्या सीडीला कोणतं कार्ड लागतं ते खोक्यावर वाचत बसायचं, हे आलंच. मध्ये कंपनीने दोन्ही यंत्रं एका डब्यात घालून ड्युओ काढला तेव्हा घोळ जरा निवळला.

एक्सबॉक्स ३६० मध्ये मायक्रोसॉफ्टने उलटी चाल खेळली. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क सगळ्यांना होती. २००५ मध्ये ३६० आला तो दोन रूपांत, ३९९ डॉलरला २० जीबी डिस्कसकट आणि २९९ ला डिस्कशिवाय. शंभर डॉलर स्वस्त पाहून लोक खूश, पण गेम लिहिणाऱ्यांची खात्री गेली. आता डिस्क नसलेल्या डब्यावरही गेम चालायला हवा. डिस्क घेतलेल्यांनी पैसे मोजले ते बऱ्याच अंशी वाया, कारण गेम तिच्या भरवशावर लिहिलाच जात नव्हता. तोच प्रकार परवा परवा पुन्हा दिसला: एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी, स्वस्त सिरीज एसमध्ये १०. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर उशिरा आला, कारण पडदा विभागून दोघांनी खेळायचा प्रकार सिरीज एसवर बसेना. शेवटी तेवढी सोय सिरीज एसवर वगळूनच गेम निघाला. तळाचा डबा ठरवतो तेच खरं.

म्हणून आता कंपन्या अ‍ॅड-ऑनऐवजी मधल्या काळात थोराड डबा काढतात. २०१६ चा पीएस४ प्रो, २०१७ चा एक्सबॉक्स वन एक्स, २०२४ चा पीएस५ प्रो. सोनीचा नियम स्पष्ट होता की फक्त प्रोवर चालणारा गेम काढायचा नाही. साध्या डब्यावर गेम चालतो, प्रोवर तोच जास्त टोकदार किंवा जास्त गुळगुळीत दिसतो. पीएस५ प्रो आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ७०० डॉलर होती, आणि त्यात डिस्क ड्राइव्हही नाही, तो वेगळा घ्यायचा. महाग आहे, पण निदान हे कुणाला फसवत नाही. जुना विकून नवा घ्या, किंवा जुन्यावर बसून राहा, गेम तेच मिळतील.

उरतं ते साठवण. इथे अ‍ॅड-ऑन नीट चालतं, कारण गेम कुठल्या डिस्कवर ठेवलाय याने गेमला फरक पडत नाही, फक्त वेग पुरेसा हवा. त्यासाठीच अटी असतात. पीएस५ मध्ये मुळात ८२५ जीबी, आणि सप्टेंबर २०२१ पासून एसएसडी बसवायची आतली एम.२ खाच वापरता येते. बाहेरची पांढरी पाटी सरकवली की एका स्क्रूने बंद केलेली धातूची पट्टी दिसते, तिच्याखाली खाच. सोनीने सांगितलेला वाचनवेग सेकंदाला निदान ५,५०० एमबी, आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, हवाच. एसएसडी आणि हीटसिंक मिळून जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत, नाहीतर पट्टी बसत नाही. पीसीसाठीचे मोठे, शोभेचे हीटसिंक इथेच अडतात, त्यामुळे दुकानात वेगाआधी जाडी विचारा. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसला मागच्या खाचेत बसणारं खास कार्ड लागतं. साधी यूएसबी हार्ड डिस्क लावलीत तर नवे गेम तिच्यावर ठेवता येतात, खेळायला मात्र परत आत आणावे लागतात. आणि स्विच २ घेतला असेल तर घरातली जुनी मायक्रोएसडी कार्डं त्यात फक्त जुन्या स्विचवरचे फोटो आणि व्हिडिओ उतरवून घ्यायला उपयोगी पडतील. गेमसाठी त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, तेव्हा पाकिटावर ते अक्षर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.